झैनुल आबेदिन यांचा कोरडा कुंचला: नदी, दुष्काळ आणि दुसऱ्याच्या दुःखाचे रेखाटन

प्रश्न थोडक्यात असा आहे. चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी गेल्या गळीत हंगामात साखर कारखान्याच्या परिसरातील ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, चार दिवस राहून आली आणि तिथे तिने चाळीसेक रेखाटने केली. घरी येऊन ती भिंतीला लावल्यावर तिला ती उसनी वाटू लागली. चेहऱ्यांवर दुःख होते, पण ते तिने वरून चढवल्यासारखे दिसत होते. तिच्या शिक्षकांनी तिला बांगलादेशचे चित्रकार झैनुल आबेदिन यांची १९४३ सालची दुष्काळचित्रे पाहायला सांगितले. ती पाहून तिचा गोंधळ अधिकच वाढला, कारण तिच्या शब्दांत सांगायचे तर ‘त्यांत काही काढलेलेच नाही, तरी पाहवत नाही’. प्रवासात भेटलेल्या माणसांचे दुःख रंगवताना ते प्रदर्शनाची वस्तू होऊ नये यासाठी आबेदिन यांनी नेमके काय केले, असे तिने विचारले आहे.

मी एकतीस वर्षे रेखांकन शिकवतो आहे आणि त्यांतली निदान वीस वर्षे ही चित्रे दरवर्षी वर्गात लावत आलो आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. आबेदिन यांची करुणा चेहऱ्यांत शोधू नका, ती सापडणार नाही. त्यांना ही शरीरे काम करताना ठाऊक होती. नाव ओढताना पाठ कशी ताणली जाते, ओझे घेतलेल्या बाईची मान कशी ताठ राहते, हे त्यांच्या हाताला दुष्काळाच्या आधी दहा वर्षे माहीत होते. म्हणून तेच शरीर फूटपाथवर निपचित पडले तेव्हा त्यातून काय निघून गेले आहे, ते त्यांना दाखवता आले. हे पटण्यासाठी मात्र दुष्काळाच्या आधीपासून सुरुवात करावी लागेल, कारण बहुतेक लेखांत १९४३च्या आधीचे आबेदिन दोन ओळींत उरकले जातात.

त्यांचा जन्म २९ डिसेंबर १९१४चा, तेव्हाच्या मैमनसिंग जिल्ह्यातील किशोरगंजचा. मैमनसिंग शहर ज्या पात्राच्या काठी आहे त्याला आज जुनी ब्रह्मपुत्रा म्हणतात. अठराव्या शतकाच्या शेवटापासून ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह हळूहळू पश्चिमेकडे, हल्लीच्या जमुनेच्या पात्रात सरकला आणि मागे हे संथ, रुंद, वाळूचे पट्टे असलेले पात्र राहिले. चित्रकाराच्या दृष्टीने हा प्रदेश कठीण आहे. आपल्याकडे सह्याद्रीच्या घाटात बसले की रचना निम्मी तयार मिळते. डोंगराची कड, झाड, देऊळ, काहीतरी उभे असतेच. तिकडे सगळेच आडवे. क्षितिजाची एक रेघ, तिच्या खाली पाणी, वर आभाळ, आणि या दोहोंच्या मध्ये उभी असलेली एकच गोष्ट म्हणजे माणूस किंवा त्याच्या नावेची डोलकाठी. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाला माणसाची उभी आकृती हा चित्रातला मुख्य आधार वाटला तर नवल नाही.

वयाच्या सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर घरी न सांगता ते कलकत्त्याचे आर्ट स्कूल पाहायला गेले होते. पुढे १९३३च्या सुमारास तिथे प्रवेश घेण्यासाठी आईने आपला सोन्याचा हार विकला, ही गोष्ट बांगलादेशात लहान मुलांनाही ठाऊक असते. तेव्हा मुकुल डे त्या संस्थेचे प्राचार्य होते. आबेदिन यांनी तिथले पाश्चात्त्य पद्धतीचे वास्तववादी शिक्षण मन लावून घेतले आणि सुट्टीत घरी आले की नदीवर जाऊन जलरंगात काम केले. १९३८ साली अखिल भारतीय प्रदर्शनात त्यांना गव्हर्नरांचे सुवर्णपदक मिळाले ते ब्रह्मपुत्रेवरच्या जलरंगांच्या मालिकेसाठी. ती चित्रे देखणी आहेत, पण मी ती वर्गात दाखवतो ती देखणेपणासाठी नव्हे. त्यांत पाणी ओल्या वॉशने, म्हणजे पातळ रंगाच्या सलग लेपाने, मोकळे सोडलेले असते आणि नावेवरचा माणूस मात्र दोन-तीन ठाम फटकाऱ्यांत उतरवलेला असतो. त्याचा तोल कुठल्या पायावर आहे ते पोस्टाच्या तिकिटाएवढ्या आकृतीतही कळते. हा तोल त्यांनी आधी नदीकाठी गिरवला, हे पक्के लक्षात ठेवा.

आता १९४२. जपानी सैन्याने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून बंगालला येणारा तांदूळ थांबला. शत्रू बंगालच्या किनाऱ्यावर उतरला तर त्याला साधने मिळू नयेत, या धोरणाखाली ब्रिटिश सरकारने किनारपट्टीच्या जिल्ह्यांतला जादा तांदूळ उचलला आणि दहा किंवा अधिक माणसे वाहून नेणाऱ्या नावा जप्त केल्या, काही नष्ट केल्या. ज्या प्रदेशात शेतावर जायला, मासेमारीला आणि बाजाराला नाव लागते, तिथे नाव काढून घेणे म्हणजे आपल्याकडे एखाद्या तालुक्यातले सगळे बैल आणि सगळ्या गाड्या एका महिन्यात नेण्यासारखे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेदिनीपूरच्या बाजूला चक्रीवादळ झाले, युद्धखर्चामुळे भाव वाढत गेले, साठेबाजी झाली, शेजारच्या प्रांतांनी धान्य बाहेर जाऊ दिले नाही आणि सरकारने लष्कर व कलकत्ता शहर यांच्या पुरवठ्याला प्राधान्य दिले. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज साधारण ३० लाखांपर्यंत जातात.

मी हे कारणांसह सांगतो याला एक कारण आहे. या दुष्काळात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मेले ते भूमिहीन शेतमजूर, कोळी आणि नावाडी. म्हणजे आबेदिन यांच्या जलरंगांत डोलकाठीशी उभी असलेलीच माणसे. १९४३च्या उन्हाळ्यापासून ती चालत, आगगाडीच्या छपरावर बसून कलकत्त्याला येऊ लागली. आबेदिन तेव्हा आर्ट स्कूलमध्ये शिकवत होते, वय अठ्ठावीस. आपण प्रवास म्हटले की चित्रकार पिशवी उचलून कुठेतरी जातो असे समजतो. इथे चित्रकार एका जागी होता आणि त्याचा मुलूख चालत त्याच्या फूटपाथवर येऊन कोसळत होता. ही माणसे दारोदार भात मागत नव्हती. भात कुणी देणार नाही हे त्यांना कळून चुकले होते, म्हणून ती ‘फॅन’ मागत, म्हणजे भाताची पेज, जी एरवी मोरीत ओतली जाते.

आबेदिन यांनी ती माणसे रस्त्यावरच काढली. युद्धकाळात चांगला कागद महाग आणि दुर्मीळ झाला होता. त्यांनी बांधाबांधीचा स्वस्त, पिवळसर, खरबरीत कागद घेतला. शाई विकत न घेता कोळसा जाळून स्वतः काळा रंग तयार केला आणि रुंद कुंचला जवळजवळ कोरडा ठेवून काम केले. यावर भावुक होऊन बरेच लिहिले गेले आहे, गरिबांची चित्रे गरीब कागदावर वगैरे. मला ते अर्धवट वाटते. आधी परिस्थिती होती आणि मग त्या परिस्थितीतून हाताने काढलेला मार्ग होता. चित्रकाराने प्रतीक म्हणून हा कागद निवडला असे म्हणणे म्हणजे त्याला आपल्या आजच्या गॅलरीत आणून उभे करणे आहे. महत्त्वाचे आहे ते त्या साधनांनी रेषेचे काय केले, ते.

ते पाहण्यासाठी मी दरवर्षी एक प्रयोग करतो. विद्यार्थ्यांना लोणारी कोळसा पाट्यावर बारीक वाटायला लावतो, त्यात बाभळीच्या डिंकाचे पाणी घालून दाट काळा रंग करतो, आणि किराणा दुकानात पुडे बांधायला वापरतात तो कागद देतो. चपटा, दीड इंची कुंचला रंगात बुडवून मग फडक्यावर इतका टिपायचा, की तो कोरडा वाटावा. आता वर्गातल्या एखाद्या मुलाचा उघडा हात, खांद्यापासून मनगटापर्यंत, एकाच ओढीत काढायचा. कुंचला कागदाच्या खरखरीवरून घसरतो, उंचवट्यांवर काळे लागते, खळग्यांत कागद तसाच राहतो. रेघेच्या सुरुवातीला काळे दाट असते. कोपरापर्यंत येईतो रंग संपत येतो आणि मनगटाशी रेघ विस्कटून तिच्या केसाएवढ्या चार-पाच रेघा होतात. दुरुस्ती करता येत नाही, कारण दुसऱ्यांदा कुंचला फिरवला की तो हात लगेच लाकडी दिसू लागतो. पहिल्या तासाला सगळ्यांचे हात लाकडीच निघतात. तिसऱ्या तासाला एखाद-दुसऱ्याच्या लक्षात येते, की हात हलवण्याआधी तो पुरता पाहून घ्यावा लागतो: हाड कुठे वर येते, कातडी कुठे सैल आहे, वजन कुठे टेकले आहे. म्हणजे पाहण्याचा वेळ दहा मिनिटे आणि काढण्याचा तीन सेकंद.

हे करून झाले की मगच मी आबेदिन यांची चित्रे लावतो. तोपर्यंत वर्गाला कळलेले असते की त्या बरगड्या एकेका ओढीत काढल्या आहेत, आणि ज्या जागी रंग संपून कागद उघडा पडला आहे तिथेच हाड कातडीला टेकले आहे. ढाक्याच्या शाहबाग भागातल्या बांगलादेश राष्ट्रीय संग्रहालयात यांतील काही मूळ चित्रे पाहायला मिळतात. छापील प्रतीत सगळे काळे एकसारखे होते. मूळ चित्रापुढे उभे राहिल्यावर दिसते, की खांद्याच्या जाड फटक्यात रंग साचून किंचित चकाकतो आहे आणि पायाच्या टोकाशी तो जेमतेम कागदाला लागला आहे. मी तिथे एका पडलेल्या आईच्या चित्रापुढे बराच वेळ उभा होतो आणि खरे सांगायचे तर पहिली काही मिनिटे मी फक्त पायांकडे पाहत होतो, कारण ते पाय चाललेल्या माणसाचे आहेत. तळव्यांची ठेवण, बोटांची फाक, घोट्याचे जाड हाड. भुकेने बाकी सगळे नेले आहे. पाय मात्र शेतातल्या बाईचेच राहिले आहेत.

विद्यार्थिनीने म्हटलेले ‘काही काढलेलेच नाही’ हे खरे आहे. कलकत्त्याचा रस्ता नाही, इमारती नाहीत, ट्रामचे रूळ नाहीत, गर्दी नाही. फूटपाथची एखादी आडवी रेघ, क्वचित कचराकुंडीची कड. कुंडीपाशी वाकलेली माणसे, तिथेच कुत्रा, आणि कावळे. कावळ्यांकडे नीट पाहा. सगळ्या चित्रात तेवढेच धष्टपुष्ट आहेत. ओल्या, भरलेल्या कुंचल्याने काढलेले, चकचकीत, चोचीला धार असलेले. कोरडी रेघ माणसाला आणि ओली रेघ कावळ्याला, असा हा हिशेब आहे. त्यासाठी वेगळे काही सांगावे लागत नाही. पार्श्वभूमी गाळल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते: पाहणाऱ्याला उभे राहायला सुरक्षित जागा उरत नाही. रस्ता काढला असता तर आपण रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहिले असते. इथे आकृती आणि आपण यांच्यामध्ये फक्त कोरा कागद आहे.

चेहरे बहुतेक वेळा झाकलेले, वळलेले किंवा दोन खाचांत उरकलेले आहेत. तुमच्या रेखाटनांत नेमके उलट झाले आहे, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. डोळ्यांत पाणी, ओठांना मुरड, कपाळाला आठ्या. चेहऱ्यावरचे दुःख हे पाहणाऱ्याशी बोलणारे दुःख असते. भुकेच्या त्या टप्प्यावर पोहोचलेला माणूस कुणाशी बोलत नाही, आणि आबेदिन यांनी त्याला बोलायला लावले नाही. मला हा त्यांचा सर्वांत मोठा संयम वाटतो.

इथे मुंबईकरांना जवळचे असलेले एक नाव घ्यावे लागेल, ते चित्तप्रसाद भट्टाचार्य यांचे. याच दुष्काळात मेदिनीपूरच्या गावांतून पायी फिरून त्यांनी रेखाटने केली, माणसांची नावे, गावे आणि त्यांच्या हकिगती टिपल्या. त्यांतून निघालेल्या ‘हंग्री बंगाल’ या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून जाळल्या. १९४६च्या सुमारास ते मुंबईला आले आणि आयुष्याचा मोठा भाग अंधेरीत राहिले. दोघांची तुलना करून कोण थोर हे ठरवण्यात मला रस नाही, पण विद्यार्थ्याने दोन्ही शेजारी ठेवावेत. चित्तप्रसाद साक्षीदारासारखे काम करतात, चित्राखाली नाव आणि गाव असल्यामुळे ते दुःख कुणाचे आहे हे विसरता येत नाही. आबेदिन यांच्या चित्रांत नाव नाही, आणि तरी ती माणसे ‘गरीब’ या सर्वसाधारण जातीची होत नाहीत, याचे कारण पुन्हा तेच: शरीराची ओळख. तुम्ही ऊसतोडीवर काम करणार असाल तर चित्तप्रसादांची वही ठेवण्याची सवय आणि आबेदिन यांची रेषा, दोन्हींची गरज पडेल.

आबेदिन यांची चित्रे तेव्हाच लोकांसमोर आली. डाव्या वर्तमानपत्रांनी ती छापली आणि १९४४ साली इला सेन यांच्या दुष्काळावरच्या इंग्रजी पुस्तकात ती घेतली गेली. अठ्ठाविसाव्या वर्षी केलेल्या कामाने माणूस प्रसिद्ध होतो तेव्हा पुढे आयुष्यभर तेच काम करत राहण्याचा धोका असतो. आबेदिन यांनी दुष्काळाची रेषा पुढे बरीच वर्षे बाजूला ठेवली, ही गोष्ट मला त्या चित्रांइतकीच शिकण्यासारखी वाटते.

१९४७मध्ये फाळणी झाली आणि ते ढाक्याला गेले. तिथे चित्रकलेची एकही संस्था नव्हती. सफीउद्दीन अहमद, कमरुल हसन, अन्वारुल हक अशा कलकत्त्याहूनच आलेल्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी १९४८ साली सरकारी कलासंस्था सुरू केली. जॉन्सन रोडवरच्या नॅशनल मेडिकल स्कूलच्या इमारतीत दोन खोल्या आणि अठरा विद्यार्थी. पुढे शाहबागला वास्तुशिल्पी मजहारुल इस्लाम यांनी आखलेल्या इमारतीत ती गेली आणि आज ढाका विद्यापीठाची चारुकला विद्याशाखा म्हणून ओळखली जाते. तिथले लोक त्यांना ‘शिल्पाचार्य’ म्हणतात; बंगालीत शिल्प म्हणजे कला. १९७२ साली बांगलादेशच्या राज्यघटनेची हस्तलिखित प्रत सजवण्याचे काम त्यांच्याच देखरेखीखाली झाले. आपल्या घटनेच्या प्रतीसाठी नंदलाल बसू आणि शांतिनिकेतनच्या मंडळींनी केले तसेच.

१९५१ आणि ५२मध्ये ते लंडनच्या स्लेड कलाशाळेत होते. परदेशातल्या कलादालनांत हिंडल्यावर आपल्याकडचे बरेच चित्रकार परत येताना त्या दालनांची हुबेहूब आठवण घेऊन येतात. आबेदिन परतले ते आपल्याच लोककलेकडे नव्याने पाहत: बंगालच्या मातीच्या बाहुल्या, नक्शी काँथा म्हणजे जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोऱ्याने भरलेली गोधडी, सपाट रंग, वळणदार ठोस बाह्यरेषा. १९५३ची ‘दोन स्त्रिया’, ‘पाइन्नार मा’ आणि ‘महिला’ ही चित्रे या काळातली. ती गोड आहेत आणि संग्राहकांची लाडकी आहेत. माझे मत विचाराल तर त्यांत काहीतरी कमी आहे. मान लांबवून, डोळे बदामी करून बाई सुंदर होते, पण तिच्या कमरेवरच्या घागरीत पाणी आहे असे वाटत नाही. त्यांनाही ही उणीव जाणवली असावी, कारण थोड्याच वर्षांत ते या शैलीतून निघून पुन्हा वजनाकडे वळले.

वजन हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. ‘गुणटाना’ या चित्रविषयाकडे पाहा. वारा पडला किंवा प्रवाह उलटा असला की नावाडी काठावर उतरतात आणि डोलकाठीला बांधलेला लांब दोर, ज्याला बंगालीत ‘गुण’ म्हणतात, तो खांद्यावर घेऊन पुढे वाकून नाव ओढतात. या चित्रांत नाव बऱ्याचदा जवळजवळ चित्राबाहेरच असते. दिसतात त्या फक्त वाकलेल्या पाठी आणि त्या पाठींनी ताणलेला दोर. ‘संग्राम’मध्ये चिखलात रुतलेली बैलगाडी आहे, मागून चाकाला खांदा लावलेला माणूस आहे आणि बैल व माणूस यांच्या पाठीची वक्ररेषा एकच आहे. १९५१च्या सुमारास, म्हणजे त्या गोड चित्रांच्या आधीच, केलेल्या ‘विद्रोही’मध्ये दावे तोडू पाहणारी गाय चार-सहा फटकाऱ्यांत उभी आहे, मान एकीकडे, पाय दुसरीकडे, मध्ये ताणलेले दावे. आजच्या झारखंडातल्या दुमकाच्या संथाळ आदिवासींची चित्रेही याच जातीची. त्यांना चालताना काढले आहे, बसवून काढलेले नाही. परक्या समाजात गेलेल्या चित्रकाराचा मोह असतो तो समोरच्याला बसवून त्याचे दागिने आणि गोंदण काढण्याचा. आबेदिन यांनी त्यांची चाल काढली.

आणि मग १९७० हे वर्ष येते. नोकरीतून निवृत्त होऊन तीन वर्षे झालेली, वय पंचावन्न. या एका वर्षाभोवती त्यांच्या कामाचे तिन्ही धागे, म्हणजे मुलूख, प्रवास आणि करुणा, एकमेकांत गुंतलेले दिसतात. वर्षाच्या सुरुवातीला, पूर्व पाकिस्तानातल्या आदल्या वर्षीच्या जनआंदोलनानंतर, त्यांनी ‘नबान्न’ हा सुमारे ६५ फूट लांबीचा पट केला. काळी शाई, मेण आणि जलरंग. नबान्न म्हणजे नव्या भाताचा सण. बंगालमध्ये पटुआ नावाचे चित्रकार गोष्टीचा पट गुंडाळीसारखा उलगडत उलगडत गाऊन दाखवतात. आपल्याकडे पिंगुळीचे ठाकर पोथीतले एकेक चित्र पुढे करून रामायण सांगतात, त्याच्याशी नाते सांगणारी ही रीत. आबेदिन यांनी ती रीत घेतली आणि भरल्या खळ्यापासून गाव सोडून निघालेल्या माणसांपर्यंत खेड्याची हकिगत एका सलग कागदावर मांडली. सत्तावीस वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या फूटपाथवर त्यांनी ज्या गोष्टीचा शेवट काढला होता, तिची सुरुवात आता काढली, असे मला तो पट पाहताना वाटते.

त्याच वर्षी अरब लीगच्या निमंत्रणावरून ते जॉर्डन, सीरिया आणि लेबनॉनमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत गेले आणि तिथे त्यांनी बरीच रेखाटने केली. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने हा भाग सर्वांत उपयोगाचा आहे, कारण इथे मुलूख त्यांचा नव्हता, भाषा येत नव्हती आणि मुक्काम थोडा होता. म्हणजे तुमच्यासारखीच स्थिती. ही चित्रे दुष्काळचित्रांच्या उंचीची आहेत असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी चेहऱ्यांकडे जरा जास्त लक्ष गेले आहे. पण चांगल्या चित्रांत त्यांनी ओळखीचे तेवढेच घेतले आहे: मूल कडेवर घेऊन ताटकळणारी बाई, जमिनीवर उकिडवा बसलेला म्हातारा. घर सोडून आलेला माणूस उकिडवा कसा बसतो, हे त्यांना १९४३मध्ये कळले होते. जे ठाऊक नव्हते त्याचे त्यांनी नाटक केले नाही.

१२ नोव्हेंबर १९७०च्या रात्री मेघनेच्या मुखाशी चक्रीवादळ आले. भोला, मनपुरा आणि आजूबाजूच्या बेटांवर समुद्र चढला; मृतांचे अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत आहेत. आबेदिन तिथे गेले, आणि त्या अनुभवातून ‘मनपुरा ७०’ हा सुमारे ३० फूट लांबीचा पट झाला. यात काळी शाई आणि मेण आहे. मेणाने आधी आखलेल्या जागी शाई धरत नाही, त्यामुळे पाण्यात भिजून फुगलेल्या, एकमेकांवर पडलेल्या देहांच्या कडा काळ्यातून पांढऱ्या उमटतात. दुष्काळात रेष हाडावरून गेली होती. इथे ती गोलाकार, जड आणि गुंतलेली आहे, गुरे आणि माणसे वेगळी काढता येत नाहीत. मृत्यू वेगळा होता, म्हणून रेषा वेगळी आली. पटाच्या शेवटी एक माणूस जिवंत आहे. तो मान खाली घालून बसला आहे आणि त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही.

आबेदिन २८ मे १९७६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. आदल्या वर्षी मैमनसिंगला, त्यांच्या नदीच्या काठावर, त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आणि सोनारगावला लोककलेचे संग्रहालय अशी दोन कामे त्यांनी मार्गी लावली होती. सोनारगावला गेलात तर दुष्काळचित्रे सापडणार नाहीत. तिथे नावा, काँथा, मातीची भांडी आणि शेतीची अवजारे आहेत. माझ्या मते त्यांच्या चित्रांची बाराखडी तिथे मांडून ठेवली आहे.

आता तुमच्या चाळीस रेखाटनांविषयी. ती फाडू नका, पण पुढच्या हंगामापर्यंत कुणाला दाखवूही नका. तुम्ही कोप्यांवर संध्याकाळी गेला होतात, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे माणसे थकून परतल्यावर. तुम्हाला थकवा दिसला, तो कशाने आला ते दिसले नाही. पुढच्या वेळी पहाटे त्यांच्याबरोबर फडात जा. तिथे नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात, हे तुम्ही ऐकले असेल. त्या शब्दाचे चित्र काढता येते का ते पाहा. कोयता बुडख्याशी मारताना कंबर किती खाली जाते, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, छाटताना मनगट कसे उलटते, मोळी बांधायला उसाच्याच पात्याचा पीळ कसा करतात, ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी बाई कुठला पाय आधी टाकते. पहिले दोन दिवस फक्त हे. चेहरा काढायचा नाही, असा नियमच करा. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती, ती किती वर्षे फिटत नाही, हेही विचारून वहीत लिहा, पण त्या माणसाची परवानगी घेऊन, आणि त्याने नको म्हटले तर पान त्याच्यासमोर दुमडून ठेवा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपीपाशी बसा आणि तीच माणसे पुन्हा पाहा. सकाळी ज्या खांद्यावर मोळी होती तो खांदा आता कसा पडला आहे, तेवढे पाहून काढा. कागद किराणा दुकानातला चालेल. शाईची बाटली मात्र वाहनात सांडते, म्हणून कोळशाचा रंग घट्ट मळून झाकणाच्या डबीत न्या आणि तिथे पाण्याच्या चार थेंबांनी सैल करा. पाणी त्यांच्या कळशीतले घेऊ नका, बरोबर न्या. ते त्यांना टँकरच्या रांगेत उभे राहून मिळालेले असते.